रक्तदाब कोणी उतरवला?

आरोग्याच्या क्षेत्रात ‘डिजिटल क्रांती’ घडून आल्याचा डांगोरा गेली काही वर्षे सातत्याने पिटला जात आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ केला आणि प्रत्येक नागरिकाला चौदा अंकी आरोग्य-क्रमांक देण्याचे जाहीर केले. बाजारात हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळे आली, रक्तदाबाची नोंद ठेवणारी ॲप आली, हृदयालेख वाचणारी संगणकीय बुद्धी आली. या सगळ्या गलबल्यात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला आहे. या साधनांमुळे कष्टकरी माणसाचे हृदय खरोखर अधिक निरोगी होते काय?

या प्रश्नाचे उत्तर घोषणेने मिळत नाही आणि जाहिरातीने तर नाहीच नाही. ते पद्धतशीर तपासणीनेच मिळते. अशी तपासणी आपल्याच देशातील एका संशोधक गटाने केली आहे. जागतिक कंपन्यांच्या प्रचंड प्रयोगशाळांपुढे हा गट अगदी लहान. त्याची साधनेही मर्यादित. परंतु त्याने जे केले आणि जे निष्कर्ष लपवाछपवी न करता जगापुढे ठेवले, त्यांचा अभ्यास कामगार-शेतकरी चळवळीने काळजीपूर्वक केला पाहिजे. कारण सार्वजनिक पैसा यंत्रावर खर्च करावयाचा की माणसांवर, या आजच्या वादाचे मर्म त्या निष्कर्षांत आहे.

श्रीमंतांचा रोग?

प्रथम एक जुना गैरसमज दूर केला पाहिजे. हृदयविकार हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग आहे, ही समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९० साली भारतातील एकूण मृत्यूंपैकी १५.२ टक्के मृत्यू हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत. २०१६ साली हे प्रमाण २८.१ टक्के झाले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले की, दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका मध्यमानाने वयाच्या ५३व्या वर्षी येतो, तर इतर देशांत ५९व्या वर्षाच्या सुमारास. म्हणजे मुले अजून कमावती झालेली नाहीत, मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, डोक्यावर कर्ज आहे, अशा वेळी घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो किंवा जातो. मजुराच्या कुटुंबात याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची गरज नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा ‘प्युअर’ नावाच्या अभ्यासाने २०१४ साली पुढे आणला. सतरा देशांतील १,५६,४२४ माणसांची पाहणी करून या अभ्यासाने दाखवून दिले की, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान इत्यादी धोक्यांचे एकत्रित ओझे श्रीमंत देशांत सर्वांत अधिक आणि गरीब देशांत सर्वांत कमी आहे. पण हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र गरीब देशांत सर्वांत अधिक आहेत. ज्याला धोका अधिक तो वाचतो आणि ज्याला धोका कमी तो मरतो, असा हा उलटा न्याय आहे. याचे स्पष्टीकरण माणसाच्या सवयींत शोधून सापडणार नाही. ते उपचाराच्या व्यवस्थेत आहे. एकाला वेळेवर निदान आणि रोजची गोळी मिळते, दुसऱ्याला मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे भारतात ३० ते ७९ या वयोगटात उच्च रक्तदाब असलेली माणसे सुमारे १८ कोटी ८० लाख आहेत. त्यांपैकी ३७ टक्क्यांनाच आपल्याला हा विकार असल्याचे निदान झालेले आहे, ३० टक्के उपचार घेतात आणि अवघ्या १५ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे. उच्च रक्तदाब मोजता येतो, त्यावरील औषधे जुनी आणि स्वस्त आहेत, उपचाराची पद्धत ठरलेली आहे. तरीही शंभरातील पंच्याऐंशी माणसे धोक्याच्या छायेत वावरतात. ही उणीव ज्ञानाची नव्हे, व्यवस्थेची आहे. डिजिटल साधनांनी ही उणीव भरून निघेल असा दावा केला जातो. तो कितपत खरा आहे?

सोलनपासून कर्नाटकापर्यंत

दिल्लीतील सेंटर फॉर क्रॉनिक डिसीज कंट्रोल आणि पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया या संस्थांतील संशोधकांनी हिमाचल प्रदेशातील सोलन जिल्ह्यात पाच सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. प्रशिक्षित परिचारिकेच्या हाती एक यंत्र देण्यात आले. तिने रुग्णाचा रक्तदाब, रक्तातील साखर व इतर माहिती त्यात भरावयाची. यंत्राने उपचाराची शिफारस दाखवावयाची. डॉक्टरने ती तपासून निर्णय घ्यावयाचा. ६,७९७ रुग्णांची नोंद झाली आणि अठरा महिन्यांच्या अखेरीस वरचा रक्तदाब सरासरीने १४.६ मिलिमीटरनी उतरल्याचे आढळले. हे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले.

एखादी कंपनी असती तर येथेच थांबली असती. पंधरा मिलिमीटरचा आकडा घेऊन तिने मंत्र्यांचे उंबरठे झिजवले असते आणि देशभर यंत्रे विकण्याचा ठेका मिळवला असता. संशोधकांनी मात्र आपल्याच यशाविषयी शंका घेतली. रक्तदाब उतरला हे खरे. पण तो यंत्रामुळे उतरला की परिचारिका नेमली, तिला शिकवले आणि रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलावले म्हणून उतरला? केवळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करून हे कळू शकत नाही. त्यासाठी यंत्र नसलेला, पण बाकी सर्व असलेला दुसरा गट शेजारी उभा करावा लागतो.

म्हणून दोरैराज प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखाली ‘एमवेलकेअर’ हा पुढचा प्रयोग करण्यात आला. हरयाणा आणि कर्नाटक या दोन राज्यांतील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रे (महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालयांच्या दर्जाची) निवडण्यात आली. कोणत्या केंद्राला यंत्र द्यावयाचे आणि कोणत्या केंद्राला द्यावयाचे नाही, हे यदृच्छेने ठरवण्यात आले, जेणेकरून निवडीत कोणाचा पक्षपात राहू नये. रक्तदाब किंवा मधुमेह आटोक्यात नसलेले ३,६९८ रुग्ण त्यात सामील झाले. एका गटातील परिचारिकांना टॅब्लेट-संगणक मिळाला. तो रक्तदाब व मधुमेहाबरोबरच तंबाखू, दारू आणि मनाची उदासी यांचाही विचार करून सल्ला देत असे आणि रुग्णाला मोबाइलवर आठवणीचे संदेश धाडत असे. दुसऱ्या गटात यंत्र नव्हते. परंतु तेथील डॉक्टर व परिचारिका यांनाही प्रशिक्षण देण्यात आले होते, उपचाराचा मार्गदर्शक तक्ता भिंतीवर लावण्यात आला होता आणि रुग्णांना माहितीपत्रके देण्यात आली होती.

एक वर्षानंतर दोन्ही गटांची मोजणी झाली. यंत्र असलेल्या गटात वरचा रक्तदाब सरासरीने १३.७ मिलिमीटरनी उतरला होता. यंत्र नसलेल्या गटात तो १२.७ मिलिमीटरनी उतरला होता. एका मिलिमीटरचा हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक म्हणून टिकत नाही. मधुमेहाच्या बाबतीतही दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत राहिले. ‘सर्क्युलेशन’ या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात २०१९ साली संशोधकांनी हे सर्व जसेच्या तसे प्रसिद्ध केले.

या निष्कर्षातून अवास्तव अर्थ काढता कामा नये. दोन्ही गटांत जो रक्तदाब उतरला तो सर्वच्या सर्व प्रशिक्षणाचा विजय होता, असेही म्हणता येणार नाही. ज्यांचा रक्तदाब पहिल्या मोजणीत फार चढलेला आढळतो, अशांनाच निवडले तर दुसऱ्या मोजणीत त्यांतील काहींचा आकडा आपोआपच खाली येतो. हा निसर्गाचा आणि गणिताचा नियम आहे. परंतु एक गोष्ट या तुलनेने निर्विवाद सिद्ध झाली. जेथे मनुष्यबळाला शिकवलेले आहे आणि उपचाराचा नियम ठरलेला आहे, तेथे वरून टॅब्लेट दिल्याने रुग्णाच्या रक्तवाहिन्यांवर विशेष परिणाम झाला नाही. सोलनचे श्रेय एकट्या यंत्राच्या खात्यावर जमा करण्याचा दरवाजा संशोधकांनी स्वतःच्या हाताने बंद केला. विज्ञानाची प्रामाणिकता म्हणतात ती हीच.

हा एकमेव अनुभवही नव्हे. आंध्र प्रदेशाच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात दुसऱ्या एका संशोधक गटाने १८ प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रात आशा कार्यकर्त्यांच्या हाती टॅब्लेट देऊन असाच प्रयोग केला. २०१९ सालीच प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही रक्तदाब आटोक्यात असणाऱ्यांच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही.

चार लाखांचा अभ्यास आणि साडेतीन हजारांचा

आता याच काळातील दुसरे एक संशोधन शेजारी ठेवून पाहू. अमेरिकेतील ॲपल कंपनीने स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने आपल्या घड्याळाचा अभ्यास केला. अवघ्या आठ महिन्यांत ४,१९,२९७ माणसे त्यात नोंदवली गेली. घड्याळाने त्यांपैकी ०.५२ टक्के लोकांना ‘तुमची नाडी अनियमित आहे’ असा इशारा दिला. ज्यांनी पुढे छातीवर लावावयाची हृदयालेखाची पट्टी वापरून परत पाठवली, त्यांपैकी ३४ टक्के लोकांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित फडफड आढळली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर वाजवले गेले.

हा अभ्यास खोटा होता असे नव्हे. घड्याळ काय टिपू शकते, याची माहिती त्यातून मिळाली. परंतु त्यात भाग घेण्यासाठी कंपनीचा फोन आणि कंपनीचे घड्याळ हाताशी असणे आवश्यक होते. त्यात तुलनेचा गट नव्हता. आणि मुख्य म्हणजे, इशारा मिळालेली माणसे अधिक जगली काय, त्यांचा पक्षाघात टळला काय, हा प्रश्नच त्यात विचारलेला नव्हता. विक्रेत्याला एवढेच सिद्ध करावयाचे असते की माझी वस्तू काम करते. रुग्णाचे काम होते की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि तो विचारण्याची विक्रेत्याला निकड नसते.

हा निराळा प्रश्न डेन्मार्कमधील संशोधकांनी विचारला. ६,००४ वयस्क माणसांपैकी काहींच्या छातीत, त्वचेखाली, हृदयाचे ठोके सतत टिपणारे सूक्ष्म यंत्र बसवण्यात आले. २०२१ साली निष्कर्ष आले. यंत्र बसवलेल्यांत अनियमित ठोक्यांचे निदान सुमारे तिप्पट वाढले, अनेकांना रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली. पण पक्षाघाताचे प्रमाण संख्याशास्त्रीय दृष्ट्या खात्रीलायक असे कमी झाले नाही. अधिक शोधणे म्हणजे अधिक वाचवणे नव्हे, हा धडा त्यातून मिळतो.

चार लाखांच्या अभ्यासाने कंपनीचे घड्याळ सिद्ध केले. साडेतीन हजारांच्या अभ्यासाने आपल्या आरोग्यव्यवस्थेची गरज दाखवून दिली. संशोधनाचे मोल त्याच्या आकारावर ठरत नाही. प्रश्न कोणाच्या हितासाठी विचारला गेला, यावर ते ठरते. असे असूनही आपल्याकडील अशा प्रयोगांना अनेकदा परदेशी न्यासांच्या देणग्यांवर अवलंबून राहावे लागते, ही शरमेची बाब आहे.

माणूस, औषध आणि मग यंत्र

मग रक्तदाब उतरतो तरी कशाने? याचेही उत्तर आपल्या शेजारी देशांतून मिळालेले आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील ३० ग्रामीण वस्त्यांत २,६४५ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. सरकारी आरोग्य कार्यकर्ते घरोघर जाऊन रक्तदाब मोजत, सल्ला देत आणि गरज असेल त्याला प्रशिक्षित डॉक्टरकडे पाठवत. दोन वर्षांनंतर, ही व्यवस्था नसलेल्या वस्त्यांच्या तुलनेत या वस्त्यांत वरचा रक्तदाब ५.२ मिलिमीटरनी अधिक उतरला. येथे तुलनेचा गट होता, म्हणून हा आकडा भरवशाचा आहे.

चीनमधील अनुभव त्याहून ठळक आहे. तेथील ३२६ खेड्यांत ३३,९९५ माणसांवर प्रयोग झाला. निम्म्या खेड्यांत गावच्या वैद्यकीय कार्यकर्त्यालाच ठरलेल्या नियमाप्रमाणे औषध सुरू करण्याचा व वाढवण्याचा अधिकार देण्यात आला, औषधे मोफत किंवा सवलतीत पुरवण्यात आली आणि वरून तज्ज्ञ डॉक्टरांची देखरेख ठेवण्यात आली. अठरा महिन्यांत त्या खेड्यांतील ५७ टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात आला. उरलेल्या खेड्यांत हे प्रमाण १९.९ टक्के होते. पुढे तीन वर्षांच्या अखेरीस हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाणही त्या खेड्यांत स्पष्टपणे घटलेले आढळले. अनवाणी डॉक्टरांची परंपरा ज्या देशाने निर्माण केली, तेथे गावच्या कार्यकर्त्यावर विश्वास टाकण्याचे हे फळ आहे.

याचा अर्थ आम्ही यंत्राचे शत्रू आहोत असा कोणी लावू नये. यंत्र आणि यंत्राचा भांडवली उपयोग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात १८६७ सालीच स्पष्ट केले आहे. दंडाला पट्टी बांधून आणि स्टेथोस्कोप लावून रक्तदाब ऐकण्याची पद्धत रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली मांडली. तेही त्या काळचे नवे साधन होते. ते जगभरच्या परिचारिकांच्या हाती पोहोचले, तेव्हाच त्याचा रुग्णाला उपयोग झाला.

डिजिटल साधनाचेही तसेच आहे. तामिळनाडूत हृदयविकाराच्या तीव्र झटक्यासाठी लहान इस्पितळे मोठ्या इस्पितळांशी जोडण्यात आली. लहान इस्पितळातून हृदयालेख मोठ्या केंद्राकडे जाऊ लागला, रुग्णवाहिकेची साखळी उभी राहिली आणि गरीब रुग्णाचा खर्च राज्याच्या विमा योजनेने उचलला. २,४२० रुग्णांच्या अभ्यासात एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. २०१७ साली हे प्रसिद्ध झाले. ही तुलना ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची असल्याने वर सांगितलेली सावधगिरी येथेही बाळगली पाहिजे. तरीही दिशा स्पष्ट आहे. हृदयालेखाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टर, रुग्णवाहिका आणि पैसा होता, म्हणून तो हृदयालेख उपयोगी पडला.

२०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची घडणही अशीच आहे. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतील पंचवीस जिल्हे घेण्यात आले. महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यांत होते. त्याचे आधारस्तंभ कोणते? उपचाराचा एकच साधा नियम, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिका व कार्यकर्त्यांमध्ये कामाची वाटणी, घराजवळ उपचार, आणि या सर्वांच्या जोडीला नोंदी ठेवणारे एक साधे, विनामूल्य ॲप. ॲप आहे, पण ते रांगेत शेवटी उभे आहे, आणि तीच त्याची योग्य जागा आहे.

टॅब्लेटचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

यावर असा युक्तिवाद केला जातो की, खेड्यात डॉक्टर जायला तयार नाहीत, परिचारिका अपुऱ्या आहेत, तेव्हा यंत्राखेरीज गत्यंतर नाही. हा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटतो. परंतु डॉक्टर नाहीत ही आकाशातून कोसळलेली आपत्ती नव्हे. ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या २०२१-२२ च्या सरकारी अहवालानुसार सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने तज्ज्ञ डॉक्टरांची सुमारे ८० टक्के तूट होती. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता आणि त्या वर्षी एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के भार लोकांनी आपल्या खिशातून उचलला. पदे भरावयाची नाहीत, औषधांना पैसा द्यावयाचा नाही आणि मग उणिवेचे कारण पुढे करून यंत्राचे ठेके द्यावयाचे, हे धोरण आहे. ही अपरिहार्यता नव्हे.

शिवाय यंत्र स्वतःहून चालत नाही. त्यात माहिती कोणीतरी भरावी लागते. देशातील सुमारे दहा लाख आशा कार्यकर्त्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाच्या आरोग्याचा तक्ता भरतात. त्यांना सरकार कामगार मानत नाही. ‘स्वयंसेविका’ म्हणते आणि वेतनाऐवजी कामाच्या नगावर मोबदला देते. २००५ पासून हेच चालले आहे. कागदावरची नोंद गेली नाही आणि मोबाइलवरची नोंद वाढली, असा दुहेरी भार त्यांच्यावर पडतो. २०२१ साली हरयाणात सरकारने दिलेल्या फोनमध्ये ‘एमडीएम ३६० शील्ड’ नावाचे ॲप टाकण्याचा आग्रह धरण्यात आला. या ॲपमुळे आपल्या फोनवर दुरून नियंत्रण येईल आणि आपण कोठे आहोत यावर पाळत राहील, असे म्हणून आशांनी त्याविरुद्ध लढा दिला. ज्या राज्यातील केंद्रांनी यंत्रापेक्षा शिकवलेल्या माणसाचे महत्त्व दाखवून दिले, त्याच राज्यात कार्यकर्तीला शिकवण्यासाठी नव्हे, तर तिच्यावर पाळत ठेवण्यासाठी यंत्र आणले जावे, यापेक्षा बोलके उदाहरण कोणते?

नोंदी कोणाच्या मालकीच्या?

राहिला प्रश्न नोंदींचा. रक्तदाब, साखर, हृदयालेख, औषधे ही माहिती रुग्णाच्या शरीराची आहे. विमा कंपन्या, औषध कंपन्या आणि संगणक कंपन्या यांना ती सोन्याहून मोलाची वाटते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्यविषयक माहितीला अधिक कडक संरक्षणाचा वेगळा दर्जा देण्यात आलेला नाही आणि सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देण्याचा विस्तृत अधिकार ठेवण्यात आला आहे. संमतीचे बटण दाबल्यावर पुढे काय होते, हे दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या मजुराला कोण समजावून सांगणार?

या नोंदींवर पोसलेली संगणकीय बुद्धी तटस्थ असते, हाही एक भ्रम आहे. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एका संगणकीय पद्धतीची तपासणी २०१९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाली. कोणाला अधिक काळजीची गरज आहे, हे ती पद्धत मागील वैद्यकीय खर्चावरून ठरवीत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी झालेला असल्याने, सारखेच आजारी असूनही ते तिला कमी गरजू दिसत. ही पद्धत सुधारली असती तर अधिक मदत मिळणाऱ्यांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. आपल्या देशात हा दोष आणखी खोल जाईल. जो ऊसतोडणी कामगार इस्पितळाची पायरी कधी चढलाच नाही, त्याची नोंद कोठून असणार? आणि ज्याची नोंद नाही, तो यंत्राला निरोगीच दिसणार.

आपल्या मागण्या

सरकारने मनात आणले तर बाजाराला वेसण घालता येते, याचा दाखला हृदयविकाराच्याच क्षेत्रात आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध किंमत नियंत्रण प्राधिकरणाने हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली; साध्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधयुक्त स्टेंटला २९,६०० रुपये. त्यापूर्वी रुग्णाकडून यासाठी लाखाच्या घरात पैसे उकळले जात. तेव्हा ‘काही करता येत नाही’ ही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही.

म्हणून लोकशाही चळवळीने पुढील मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. एक : तुलनेच्या गटासह, स्वतंत्र संशोधकांकडून तपासणी झाल्याखेरीज कोणतेही डिजिटल साधन सार्वजनिक पैशातून देशभर लादले जाऊ नये आणि तपासणीचे निष्कर्ष, अनुकूल असोत वा प्रतिकूल, प्रसिद्ध केले जावेत. दोन : अशा संशोधनासाठी सार्वजनिक संस्थांना पुरेसा आणि नियमित निधी मिळावा. तीन : आरोग्य केंद्रांतील रिक्त पदे कायमस्वरूपी नेमणुकांनी भरावीत आणि रक्तदाब-मधुमेहाची औषधे प्रत्येक उपकेंद्रात बाराही महिने मोफत मिळावीत. तामिळनाडूने १९९४ साली सार्वजनिक औषध खरेदी महामंडळ स्थापून याचा मार्ग दाखवून दिला आहे. चार : आशा कार्यकर्त्यांना कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन मिळावे, डिजिटल नोंदीच्या कामाचा वेगळा मोबदला मिळावा आणि पाळत ठेवणारी साधने मागे घ्यावीत. पाच : रुग्णांच्या नोंदी सार्वजनिक मालकीच्या, विनामूल्य व खुल्या संगणकप्रणालीत राहाव्यात, त्यांच्या व्यापारास कायद्याने बंदी असावी.

१९७८ साली सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आता येथे जगातील राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, तेव्हा साधने आजच्या मानाने फारच साधी होती. संकल्प मात्र मोठा होता. आज साधने अद्भुत आहेत आणि संकल्प आटलेला आहे. चाळीस आरोग्य केंद्रांत काम करणाऱ्या त्या लहान गटाने एक मिलिमीटरचा हिशेब प्रामाणिकपणे मांडून आपले काम केले आहे. तो हिशेब गावोगावच्या सभांत, संघटनांच्या बैठकांत आणि आरोग्य केंद्रांच्या दारात नेणे, आणि त्याच्या आधारे सरकारकडून परिचारिका, गोळी व हक्काचे वेतन वसूल करणे, हे काम आता आपले आहे.